खाडा कुणाच्या नावावर?

काकू, नमस्कार.

पत्राखाली तुम्ही नाव घातलेलं नाही, ‘सदाशिव पेठेतली मेसवाली काकू’ एवढीच सही आहे. वयानं आपण बरोबरीच्या असू, पण अख्खी गल्ली ज्या नावानं हाक मारते त्यानंच मीही मारते.

वाचकांसाठी पत्राचा गोषवारा देते. (साल २०२०, महिना जुलै, कोरोनाचा लॉकडाऊन.) काकूंच्या घरी खाली मेस आणि वरच्या दोन खोल्यांत कॉट बेसिसवर आठ मुलं, सगळी एमपीएससी करणारी. कॉटचं भाडं महिना २,००० रुपये, डिपॉझिट ४,०००, दोन वेळच्या मेसचे २,६००. बाहेरून जेवायला येणारी आणखी तीसेक मुलंमुली. जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी, २० मार्चला, वरची आठही मुलं “पंधरा दिवसांत येतो काकू” म्हणून गावी गेली. कुलपं त्यांची, किल्ल्याही त्यांच्याचकडे. एप्रिलपासून दोघं नेमानं भाडं पाठवतात, उरलेल्या सहांकडून छदाम नाही. फोनही उचलत नाहीत. परभणीकडच्या एका मुलाच्या वडिलांनी उचलला, तर “लॉकडाऊनमध्ये भाडं कसलं मागता?” असं उलट ऐकवलं. काकूंचा मुलगा हिंजवडीतल्या कंपनीचं काम मार्चपासून घरूनच करतो, तेही मेसच्या टेबलावर बसून. त्याचं म्हणणं, कुलपं फोड, सामान पोत्यात भर आणि ही मेस कायमची बंद कर. काकांना बीपी आणि शुगर. स्वयंपाकघर वाढवायला काढलेल्या कर्जाचा हप्ता चालू. “अठ्ठेचाळीस हजार अडकलेत, काय करू? पोलिसात जाऊ का?” असा मुख्य प्रश्न.

आणि पत्राच्या शेवटाकडे, जाता जाता, आणखी दोन ओळी: “आमच्या पोळ्यावाल्या शोभाताईंना एप्रिलचा पगार पूर्ण दिला, मेचा अर्धा दिला, जूनचा काही देता आला नाही. त्यांचे फोन येऊन गेले, पण काय बोलायचं ते सुचेना म्हणून घेतले नाहीत.” (शोभाताई हे नाव मी बदललेलं आहे.)

काकू, मी या दोन ओळींपासूनच सुरुवात करणार आहे, तुम्हाला आवडो न आवडो.

मुलं तुमचा फोन उचलत नाहीत म्हणून तुमचा जीव वरखाली होतोय. आणि तुम्ही शोभाताईंचा फोन उचलत नाही. दोन्हीकडे कारण एकच दिसतंय मला: हातात पैसे नाहीत, आणि ते तोंडानं सांगायची लाज वाटते. ती सहा मुलं लबाड असतील असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. रात्री साडेबाराला अभ्यासिकेतून येऊन तुमच्याकडे उरलेली भाजी मागणारी मुलं ही, तुम्हीच लिहिलंय. ती गप्प बसलीत, कारण आठ हजारांचा आकडा ऐकायची त्यांची छाती नाही. तुम्ही शोभाताईंशी गप्प बसलात, कारण ‘नाही’ म्हणायची तुमची छाती नाही. मग मुलांना बुडवे म्हणायचं, तर स्वतःला काय म्हणाल?

तेव्हा आधी शोभाताई. १४ वर्षं तुमच्याकडे पोळ्या लाटल्या त्यांनी, पहाटे साडेपाचला येऊन. पगार ७,००० रुपये. दांडेकर पुलाच्या वस्तीत घर, गल्ली पत्रे ठोकून बंद केलेली, नवरा रंगकाम करणारा, म्हणजे त्याचंही काम बंद. रेशनवर तांदूळ मिळतोय, तो आता नोव्हेंबरपर्यंत मिळेल असं जाहीर झालंय. महिलांच्या जनधन खात्यात महिना ५०० रुपये आले, तेही एप्रिल ते जून, तीनच महिने. पण घरभाडं, गॅस आणि मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी लागणारा मोबाईलचा रिचार्ज रेशनच्या दुकानात मिळत नाही.

कायद्यानं कुणी तुम्हाला धरायला येणार नाही, हे सांगून टाकते. कामगारांना पूर्ण वेतन द्या असा केंद्राचा २९ मार्चचा आदेश होता, तो १८ मेपासून मागे घेतला गेला. त्यामुळे हा प्रश्न तुमचा आणि त्यांचाच आहे. माझं म्हणणं, जून आणि जुलैचा अर्धा पगार द्या, ३,५०० आणि ३,५००. मेचा अर्धा तुम्ही दिलाच होतात, तोच नियम पुढे चालवायचा. “कुठून देऊ?” असं तुम्ही म्हणाल. काकू, ज्या दोन मुलांचं भाडं नेमानं येतंय त्यांचे चार महिन्यांत १६,००० रुपये आलेत. शिवाय काकांची पेन्शन आहे. ३,५०० जमत नसतील तर ३,००० म्हणा, २,००० म्हणा, पण आकडा म्हणा. पाच हजार मागायला फोन करणाऱ्या बाईला दोन हजार मिळाले तर ती उरलेल्या तीन हजारांसाठी दुसरं दार शोधू शकते. फोनच लागला नाही तर ती वाट बघत बसते, आणि वाट बघण्यात महिना जातो.

एक मात्र सांभाळा. हे पैसे उचल म्हणून देऊ नका. पेठेतल्या घरांमधून मी हे फार पाहिलंय: अडचणीत पाच हजार द्यायचे, आणि मग दोन वर्षं महिन्याला दोनशे कापत त्या बाईला बांधून ठेवायचं. देणारीला वाटतं आपण उपकार केले. शोभाताईंना स्पष्ट सांगा की हा अर्धा पगार आहे, फेडायचा नाही, आणि मेस कधी सुरू होईल हे मला आज सांगता येत नाही. तोवर दुसरीकडे काम मिळालं तर जरूर घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य तुम्हाला जड जाईल. त्यांच्यासारखी पोळी दुसऱ्या कुणाची होत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. पण पगार निम्मा द्यायचा आणि माणूस पूर्ण अडवून ठेवायचा, हे बरं नाही. पैसे तुमच्या मुलाच्या मोबाईलवरून पाठवा. पत्र्यांपलीकडे नोटा द्यायला जाऊ नका. आणि फोन संध्याकाळी करा, दिवसा त्यांचा मोबाईल पोराच्या शाळेत असतो.

आता कुलपं.

तुमच्या चिरंजीवांना सांगा, कुलूप फोडायचं नाही. तुमच्याकडे मुलांशी केलेला नोंदणी केलेला करार नाही. पेठेत कॉट बेसिसवर तो बहुतेक कुणाकडेच नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्याच्या ५५व्या कलमानुसार करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी. तो नसेल तर भाडेकरू अटी काय होत्या म्हणून सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते तुम्ही. वर नोंदणी केली नाही म्हणून मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आता तुम्ही पोलिसात गेलात तर पहिला प्रश्न कुणाला विचारला जाईल? आणि फोडलेल्या खोलीतून लॅपटॉप गेला असं एखाद्या मुलाच्या वडिलांनी म्हटलं, तर तुम्ही काय दाखवणार?

परभणीच्या त्या गृहस्थांबद्दल. ते अर्धं बरोबर आहेत. राज्याच्या गृहनिर्माण विभागानं १७ एप्रिलला घरमालकांना सूचना केली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. पुढे ढकला असं म्हटलंय, सोडून द्या असं नाही. भाडं माफ झालंय हा समज व्हॉट्सॲपवरून पसरला, तो सगळीकडेच आहे. पण त्या बापाच्या आवाजातला राग तुमच्यावर नसावा. मराठवाड्यात यंदा सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही अशी ओरड आहे, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागतेय. कापूसही विकला गेला नाही, घरात पडून राहिला. त्यात पुण्याला शिकायला ठेवलेला मुलगा चार महिने घरात बसलेला. ५ एप्रिलची परीक्षा २६ एप्रिलला गेली, मग पुढे ढकलली, आता १३ सप्टेंबर जाहीर झालीय. अशा घरात दुपारी भाड्याचा फोन येतो. तुम्हीही असंच बोलला असतात कदाचित. निदान काका नक्की बोलले असते.

मग खोली उघडायची कशी? मुलांच्या संमतीनं, त्यांच्या देखत. आणि त्यासाठी भाड्याचा विषय काढायची गरज नाही, पाऊस पुरेसा आहे. जुलै अर्धा होत आला. तुमच्या वरच्या खोल्यांच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते असं तुम्ही लिहिलंय. १६ आठवडे बंद खोलीत कापसाच्या गाद्या, गठ्ठ्यानं झेरॉक्स नोट्स, खिडकीपाशी कुणाचे तरी विसरलेले बूट. उघडाल तेव्हा वास येईलच, पण गादीच्या खालच्या बाजूला हात लावून बघा, गार आणि ओली लागेल, आणि उशीच्या अभ्र्यावर काळे ठिपके असतील. झेरॉक्सच्या कागदांचं तर विचारूच नका, एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. त्या मुलांना भाड्यापेक्षा या कागदांची काळजी जास्त आहे. समासात स्वतःच्या हातानं केलेल्या खुणांसकट नोट्स पुन्हा विकत मिळत नाहीत. त्यासाठी ती फोन नक्की उचलतील.

परवा शुक्रवारी जाहीर झालं, उद्यापासून म्हणजे १३ ते २३ जुलै पुणे पुन्हा बंद. पहिले पाच दिवस तर दूध आणि औषधं सोडून काही उघडं नसणार. तेव्हा कुलूपवाला २३ नंतरच मिळेल. रविवार, २६ जुलै धरा. आजच मेसच्या ग्रुपवर नाही, तर त्या आठ जणांना वेगवेगळा संदेश पाठवा. ग्रुपवर कुणी पैशाचं खरं बोलत नाही. मी मसुदा देते, तुम्ही तुमच्या भाषेत फिरवा:

“बाळा, काकू बोलतेय. पावसानं खोलीत ओल धरलीय, गाद्या आणि नोट्स खराब होतील. २६ तारखेला सकाळी दहाला व्हिडिओ कॉल करते, तू बघत असताना खोली उघडते. किल्ली पाठवता येत नसेल तर ‘कुलूप काढा काकू’ एवढं लिहून पाठव, मी कुलूपवाल्याकडून काढून घेते आणि नवं लावते. तुझी कुठली वस्तू कुठे आहे ते सांग, उन्हं पडली की वाळवून ठेवते. भाड्याचा हिशेब सोबत पाठवलाय. तो वाचून घाबरू नकोस, मी अर्धंच धरलंय. खोली ठेवायची की सोडायची ते ३१ जुलैपर्यंत कळव. सोडलीस तरी राग नाही. घरी सगळे बरे आहेत ना?”

त्याचं ‘काढा काकू’ असं उत्तर आलं की ते पुसू नका. कॉल चालू असताना तुमच्या मुलाला प्रत्येक कॉटपाशी फोन फिरवायला सांगा. तेवढ्यापुरतं त्यानं लॅपटॉप मिटावा.

आता तो हिशेब. इथं मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही लिहिलंत, सहा मुलांचे एप्रिल ते जुलै प्रत्येकी ८,०००, एकूण अठ्ठेचाळीस हजार अडकलेत. पण तुमच्याच पत्रात दोन गोष्टी राहून गेल्यात. एक म्हणजे डिपॉझिट, प्रत्येकी ४,०००, ते तुमच्याकडेच आहे. खर्च झालं असेल तर झालं, पण ते तुमचं उत्पन्न नव्हतं. आणि दुसरं, मार्चच्या मेसचे पैसे. मुलांनी एक तारखेला २,६०० पूर्ण भरले आणि २० मार्चच्या रात्रीपर्यंत जेवली. पुढचे ११ दिवस? एरवी मुलगा चार दिवस गावी गेला आणि आधी सांगून गेला, तर तुम्ही खाडा धरता, कार्डावर लाल पेनानं लिहिता. या ११ दिवसांचा खाडा कुणाच्या नावावर आहे? मुलांनी मेस सोडली नाही, मेस बंद झाली. हे एका मुलाचे साधारण ९२० रुपये होतात.

म्हणजे पूर्ण भाडं धरलं तरी खोली सोडणाऱ्या मुलाकडून तुमचं येणं ८,००० वजा ४,००० वजा ९२०, असं ३,०८० आहे. आता भाडं निम्मं धरा, जे मी तुम्हाला धरायला सांगतेय. चार महिन्यांचे ४,००० झाले. ते डिपॉझिटमधून गेले. उरले मेसचे ९२०, आणि ते तुम्हीच त्याला द्यायचे. ज्याला बुडवा म्हणत होतात त्याचे तुमच्याकडेच पैसे निघाले. सहाच्या सहा मुलांनी खोली सोडली तरी तुमच्या हातून जातील साडेपाच हजार.

जो खोली ठेवणार असेल त्याचं डिपॉझिट तसंच राहील. त्यानं चार महिन्यांचे ४,००० द्यायचे, त्यातून मेसचे ९२० वजा, म्हणजे ३,०८०. योगायोगानं आकडा तोच आला, गोंधळू नका. हे त्यानं परत आल्यावर महिना पाचशे करून दिले तरी चालतील. ऑगस्टपासून तो येईपर्यंत अर्धं भाडं, आला की पूर्ण.

अर्धंच का, हा प्रश्न तुमचा मुलगा विचारेल. कारण खोली तुम्ही अडवून ठेवलीत, दुसऱ्याला दिली नाहीत, हे खरं. आणि त्यानं ती वापरली नाही, हेही खरं. चूक दोघांचीही नाही. शिवाय रिकामी करून देणार कुणाला? क्लास बंद, अभ्यासिका बंद, जिल्हा ओलांडून एसटी नाही, खासगी गाडीला ई-पास. आज सदाशिव आणि नारायण पेठेत कॉट रिकामी आहे असे बोर्ड आहेत, घेणारा नाही. पूर्ण भाड्याचा हट्ट धरून तुम्ही बोर्डांत एकाची भर घालाल.

नेमानं पैसे पाठवणाऱ्या त्या दोघांना विसरू नका. बाकीच्यांना अर्धं आणि त्यांना पूर्ण, असं झालं तर प्रामाणिकपणाचा दंड बसल्यासारखं होईल, आणि मुलं एकमेकांशी बोलतात. त्यांचे प्रत्येकी ४,००० जास्तीचे आलेत, अधिक मेसचे ९२०. हे ४,९२० पुढच्या भाड्यात वळते करा. ऑगस्टपासून अर्ध्या भाड्यानं जवळपास पाच महिने होतात. ही गोष्ट तुम्ही आपण होऊन सांगा, त्यांनी विचारायच्या आधी.

बाहेरून जेवायला येणाऱ्या तीस जणांचेही अकरा-अकरा दिवस तुमच्याकडे आहेत. ते रोख परत करायला निघालात तर सत्तावीस-अठ्ठावीस हजार लागतील, ते जमणार नाही, जमवूही नका. मेसच्या ग्रुपवर एकच ओळ टाका: “मार्चचे अकरा दिवस प्रत्येकाच्या कार्डावर जमा आहेत, मेस सुरू झाल्यावर वळते होतील, कुणाला अगदीच गरज असेल तर मला स्वतंत्र फोन करा.” फोन करणारे दोन-तीन निघतील. त्यांना द्या.

कर्जाच्या हप्त्याबद्दल फार बोलत नाही. रिझर्व्ह बँकेनं हप्ते लांबणीवर टाकायची सवलत आधी मेअखेरपर्यंत दिली होती, ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलीय. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, ते मुदलात चढतं. पेन्शनमधून हप्ता निघत असेल तर भरत राहा. निघत नसेल तरच सवलत घ्या, आणि ती घेताना मुदत किती महिन्यांनी वाढेल ते बँकेत लेखी विचारून घ्या.

आता चिरंजीव. त्याच्यावर तुम्ही चिडलात, “माझ्या मेसच्या टेबलावर बसून मलाच शहाणपण शिकवतो” असं लिहिलंत. हसू आलं मला. पण त्याची भीती खोटी नाही. काकांना बीपी आणि शुगर, आणि तुमच्या मेसमध्ये चाळीस माणसं एका जिन्यानं येणार, एका बेसिनवर हात धुणार, खेटून बसून जेवणार. तो कुलूप फोडायला सांगतो ते पैशासाठी नाही, त्याला ही वर्दळ परत नकोय. तेवढं तुम्ही मान्य करा. बसून जेवायला तूर्त कुठेच परवानगी नाही, फक्त पार्सल. तेव्हा या वर्षी तरी पंगत मांडायची नाही, असं त्याला तुम्हीच सांगून टाका. त्याचा अर्धा आवाज तिथेच खाली येईल. मेस कायमची बंद करायची की नाही हा मात्र तुमचा निर्णय. कुलपाच्या भांडणात तो उरकून टाकू नका.

आणि एक मी ताडलंय, चूक असेल तर सोडून द्या. तुम्हाला पैशाइतकंच दुसरंही काही छळतंय. पहाटे साडेचारला जाग येते आणि करायला काही नसतं, तीन माणसांच्या आठ पोळ्या होतात आणि सातला ओटा पुसून होतो. २०–२२ वर्षं रोज तीनशे पोळ्यांचा अंदाज बांधणाऱ्या बाईला हे सोसणार कसं? काका पेपर वाचत बसतात (आता तोही उन्हात ठेवून, मगच), मुलगा कानात घालून बोलत असतो, आणि तुम्ही मधल्या खोलीत. पेठेत कुणाचं काय चाललंय हे विचारायचं नसतं, नुसतं माहीत असायचं असतं. त्यामुळे शेजारच्याही कुणी विचारलं नसेल.

म्हणून शेवटचं. २३ तारखेनंतर डबे सुरू करून बघा. मुलं गेली, पण पेठेत म्हातारी जोडपी राहिलीत. त्यांची पोरं बंगळुरात नाहीतर अमेरिकेत, स्वयंपाकाची बाई सोसायटीनं मार्चपासून आत येऊ दिलेली नाही, आणि दोघांपैकी एकाचे गुडघे गेलेले. शिवाय लक्षणं नसलेले रुग्ण आता घरीच राहू शकतात, अशा घरात स्वयंपाक करायचा कुणी? हे लोक मेसचं तिखट खाणार नाहीत. भात मऊ, आमटी पातळ, भाजीला तेल कमी. मुलांसाठी करायचात तो कट इथं चालणार नाही.

तुमची अन्न परवान्याची नोंदणी आहे का ते पत्रात नाही. नसेल तर करा, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते, तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, तेवढं काम टेबलावरच्या माणसाला द्या. स्टीलचे डबे देऊन परत आणायच्या भानगडीत पडू नका, आजारी घरातून तर मुळीच नाही. फेकायचे डबे घ्या, त्याचे पाच-सात रुपये दरात धरा. घरपोच करायला जाणारा दारात ठेवून, बेल वाजवून मागे फिरेल, पैसे महिन्याचे, मोबाईलवरून. काकांना या कामात आत घेऊ नका, हिशेबाची वही मात्र त्यांच्याकडे द्या. बँकेतला माणूस आहे, अंग झाडून लागेल.

पोळ्या शोभाताईंच्या घरी होतील का, हे त्यांच्या गल्लीचे पत्रे निघाल्याशिवाय ठरवू नका. निघाले, आणि त्या मोकळ्या असल्या, तर नगावर दर ठरवा आणि कणीक-तेल तुम्ही द्या. तोवर तुम्हीच लाटा, किती होतात ते बघा. पहिला महिना वीस डब्यांच्या वर घेऊ नका, कितीही ओळखी निघाल्या तरी. आणि रविवारी संध्याकाळी बंद, ते मात्र तसंच ठेवा.